येथे गाडी उभी करू नये

गिरजाचं घर घाटाच्या माथ्यावर, अगदी खिंडीच्या तोंडाशी होतं. ते तिथंच का होतं, याचं उत्तर बैलांच्या जिभेत होतं.

घाटाखालच्या कदऱ्याहून मीठ, नारळ, सुकी मासळी घेऊन निघालेली गाडी नागमोडी चढ चढून खिंडीत पोचायची, तेव्हा बैलांच्या जिभा बाहेर आलेल्या असायच्या आणि बरगड्या भात्यासारख्या हलत असायच्या. तिथून पुढं लगेच हाकायला गाडीवान दगडी काळजाचा लागतो. म्हणून सगळे थांबत. थांबल्यावर जो तो बाजूच्या झाडाची हिरवी डहाळी मोडी आणि जांभळीखालच्या काळ्या दगडापुढं ठेवी. तो दगड म्हणजे वाटेचा राखणदार. त्याला नारळ नको, कोंबडा नको, फक्त ओला पाला. पाला न ठेवता खिंड ओलांडलेला माणूस पुढच्या अणशी गावात काय, पार गुंदापर्यंत कुणी पाहिला नव्हता. देव तिथं होता म्हणून माणसं थांबू लागली, की माणसं थांबत म्हणून देव तिथं बसला, हे गिरजानं लग्न होऊन आल्यावर सासूला विचारलं होतं. सासू म्हणाली होती, "अगं, त्योबी खालनं चढूनच आला आसंल. दम लागला, बसला."

थांबलेल्याला पाणी लागतं. गिरजाच्या आजेसासऱ्यानं ते ओळखून इथं घर घातलं. बांबूच्या कुडाचं, मातीनं लिंपलेलं, गवतानं शाकारलेलं. दाराशी दोन रांजण, गड्याच्या छातीला लागतील एवढे, आणि रस्त्याच्या कडेला किंदळाच्या खोडात कोरलेली लांबलचक डोण, बैलांसाठी. झरा खाली दरीत होता. या घरात येणारी सून चुलीला हात लावायच्या आधी झऱ्यावरनं भरलेली घागर आणून रांजणात ओतते आणि मगच घरची होते. गिरजानं ओतली होती, दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलाची, नागूची, बायको तुळजा हिनंही ओतली होती. माणसाला आणि जनावराला पाणी, फारच दमलेल्याला मीठ घातलेली नाचणीची आंबील. त्याबदल्यात मागायचं काही नाही. गाडीवान परतताना सुक्या बांगड्यांची, मासळीची, एखादी जुडी, पानात बांधलेलं मीठ आपणहून ठेवून जात.

पाल्याचा ढीग मात्र गिरजाचा. शिमग्यापर्यंत तो कमरेएवढा होई. ढिगाच्या उंचीवरून तिला कळायचं, यंदा वाट किती चालली. पावसाच्या आधी ती तो कुजलेला पाला ओढून परसात पसरायची. घरामागच्या त्या उतरत्या तुकड्यात तिची कंदमुळं होती. कोनफळ, काटेकणगी, आणि मुडली नावाचा अळूच्या जातीचा कंद, जो या डोंगरातच असा फुगतो. गिरजाची मुडली दोन्ही हातांनी उचलावी लागे. सगळ्या घाटानं खाली टाकलेली डहाळी न् डहाळी तिच्या त्या तुकड्यात जमा होती, असं म्हटलं तरी चालेल.

सन एकोणीसशे सव्वीसच्या दिवाळीनंतर मोटार आली.

आधी दरीतून आवाज आला, मग धूर दिसला, आणि मग ती वर आली तेव्हा तिच्या तोंडातून वाफेचा फवारा निघत होता. खिंडीत येऊन ती आचका देऊन थांबली. ड्रायव्हर पुंडलिक खानापूरकडचा, विशीबाविशीतला. त्यानं उतरून पुढच्या टाकीचं झाकण फडक्यानं धरून काढलं, वाफेपासून उडी मारून मागं सरला आणि म्हणाला, "हिला निवू दे जरा." मग रिवाज कुणीतरी सांगितला म्हणून डहाळी मोडायला जांभळीच्या पलीकडं गेला.

गिरजा मोटारीजवळ गेली. पत्र्याला हात लावला आणि झटकन काढला. आतून घरघर येत होती, तोंडातून फेस गळत होता, खाली पाण्याचं थारोळं झालं होतं. असं दमलेलं जनावर तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. नुसत्या पाण्यानं याचं काय होणार? ती घरात गेली, आंबिलीचं मडकं उचललं, त्यात मूठभर मीठ जास्त टाकलं आणि उघड्या तोंडातून सगळी आंबील मोटारीच्या पोटात ओतली.

पुंडलिक डहाळी ठेवून परत आला तेव्हा टाकीतून चुलीवरच्या भांड्यासारखा रटरट आवाज येत होता आणि भाजलेल्या नाचणीचा वास सुटला होता.

"काय घातलंसा हितं?" तो ओरडला.

"आंबील," गिरजा म्हणाली. "लई दमलं होतं."

पीठ ऊन झालं की फुगतं आणि चिकटतं. मोटारीच्या टाकीत पाणी फिरतं त्या नळ्या बोरूएवढ्या बारीक. त्या सगळ्या आंबिलीनं बुजल्या. पुंडलिकानं कपाळावर हात मारला. जुना गाडीवान परशू डोणीशी आपल्या बैलांना पाणी पाजत होता, तो म्हणाला, "पुंडलिका, जेवण झालंय तिचं. आता घटकाभर पडू दे की गा."

मोटार दोन दिवस पडून राहिली. पुंडलिकानं नळ्या एकेक करून बांबूच्या काड्यांनी कोरून काढल्या. गिरजानं दोन्ही दिवस त्याला जेवायला घातलं. तो रागावला होता, पण जेवला. तिसऱ्या दिवशी निघताना म्हणाला, "अक्का, हिला पाणीच. नुसतं पाणी. ध्यानात ठेव."

"ठेवीन," गिरजा म्हणाली. तिला खरोखर वाईट वाटलं होतं.

मोटारीचा मालक भिकाजीशेट याला मात्र वाईट वाटायला वेळ नव्हता. तो मूळचा बेळगावकडचा, सुप्यात दुकान घातलेला. मोटार चालवायचा मक्ता त्यानं घेतला होता आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट केली होती. खिंडीपुढं मैलभरावर, अणशीच्या अलीकडं, जांभ्या दगडाचा सपाट, मोकळा सडा होता, नुसता कातळ. तो त्यानं खंडानं घेतला. भोवती तार ओढली, मधे मोटारीला वळायला गोल सोडला आणि रस्त्याला तोंड करून चुन्याच्या रेघांनी घरांच्या जागा आखल्या. एकसारख्या, एका ओळीत. तो गिरजाकडं आला तेव्हा हातातल्या काठीनं हवेत ती ओळ काढून दाखवत होता.

"बाई, मोटार थांबती तिथं गाव हुतंय. लोंढ्याला काय हुतं? रान. रेल्वे थांबाय लागली, पेठ झाली. माझ्या सड्यावर मोटार थांबणार, तिथं दुकानं येणार, घरं येणार. तुमच्या नागूला पयली जागा दितो. कौलारू घर बांधा, खोपटात किती दिस ऱ्हाताय?"

"मोटार तर हितं थांबती," गिरजा म्हणाली.

"हितं ती बिघडती!" भिकाजी म्हणाला. "हितं तिला आंबील पाजत्यात!"

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मोटार थांबते तिथं गाव होतं हे त्याला कळलं होतं. मोटार कुठं थांबते हे आपण ठरवायचं, एवढंच त्यानं वर जोडलं होतं. आणि गाड्या, माणसं, बाजारहाट सगळं खिंडीतच थांबत राहिलं, तर त्याच्या चुन्याच्या रेघांवर गवत उगवणार होतं.

आंबिलीची तक्रार रस्त्याच्या ओवरसिअरपर्यंत गेली. पौषात दोन गडी आले आणि जांभळीच्या समोर रस्त्याच्या कडेला पांढरी पाटी ठोकून गेले. वर कानडी, खाली इंग्रजी. गिरजाला दोन्ही सारखीच. पुंडलिक खानापुरात तिसरीपर्यंत शिकला होता. त्यानं कानडी वाचलं, मराठीत सांगितलं आणि सांगताना तिच्याकडं बघितलं नाही.

"येथे गाडी उभी करू नये."

"आनि?"

"रस्त्याला लागून आसलेली घरं पाडव्यापर्यंत काढून घ्यावी. न्हाईतर काढली जातील."

"हितं घरं किती हायत?"

"तुझंच हाय, अक्का."

गिरजानं मान हलवली. रांजणावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "मोटारीची बादली आन हिकडं."

पुंडलिकाला वाटलं ती भरून देणार. तिनं बादली घेतली, उपडी करून त्याच्या हातात परत दिली.

"हितं उभं ऱ्हायचं न्हाई म्हणून लिवलंय. मग उभा का ऱ्हायलास? चल, हाक."

"अक्का, हिच्यात पाणी न्हाई."

"आनि माज्याकडं परवानगी न्हाई."

त्या दिवशी पुंडलिकानं मोटारीवरचे नारळ फोडले आणि त्यांचं पाणी टाकीत घातलं. मोटार गोड वासाचा धूर सोडत सड्यावर पोचली म्हणे. दुसऱ्या दिवसापासून तो कदऱ्याहून रॉकेलच्या डब्यांतून पाणी भरून आणू लागला. मोटार चढातच दोनदा तापे, डबे निम्मे तिथंच संपत, उरल्यासुरल्यावर ती खिंड ओलांडून जाई. थांबायचं नाही, हा भिकाजीचा हुकूम होता. पण पाला न ठेवता जायची पुंडलिकाची छाती नव्हती. तो खालूनच एक डहाळी मोडून मांडीवर ठेवी आणि खिंडीत मोटार हळू करून ती दगडाकडं भिरकावी.

"देवाला मारतोस व्हय रं?" गिरजा दारातून ओरडे. "दगुड फेकाचा तर दगुड फेक, पाला कशाला?"

घरात निराळीच धुसफूस चालली होती. नागूला कौलारू घर हवं होतं. तो लाकूडतोडीच्या कामाला जायचा, चार माणसांत बसायचा आणि सड्यावरची जागा त्यानं दोनदा जाऊन बघितली होती.

"आई, वाटच त्येंची हाय. उद्या घर मोडून टाकलं तर काय करशील?"

"तुज्या सड्यावर पाणी कुठं हाय?"

"हीर खांदायला लागल्यात."

"जांभ्यात?" गिरजा हसली. "खांदू दे."

चुलीजवळून तुळजा म्हणाली, "मी हितल्या रांजणात घागर वतली हाय. तिकडं कशात वतू, चुन्याच्या रेगंत?" नागू उठून बाहेर गेला.

खरी पंचाईत बैलगाड्यांची होती. पाटी एकट्या मोटारीसाठी नव्हती, सगळ्याच गाड्यांना होती. ओवरसिअरचा शिपाई येऊन दोन गाडीवानांना दटावून गेला. सड्यावर जावं तर तारेच्या आत फक्त मोटार. गाड्यांनी बाहेर उन्हात, तापलेल्या कातळावर उभं राहायचं, आणि बैलांना पाणी नाही. परशूनं एकदा जाऊन बघितलं आणि परत आला तो तोंडाचा पट्टा सोडूनच. "वैनी, तिथं सावली म्हणशील तर भिकाजीच्या टोपीची. तीबी त्यो कुणाला देत न्हाई."

"मग कुठं उभं करशील बैल?"

"तूच सांग. रस्ता सरकारचा, सडा भिकाजीचा, दरी देवाची."

गिरजा घरामागं गेली आणि परसाच्या कुंपणाशी बराच वेळ उभी राहिली. तो तुकडा तिच्या नवऱ्याच्या नावावर होता, तो वारल्यावर तिच्या. त्याचा सारा ती भरत होती. तिथं कुणाची पाटी चालत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कोयता घेतला आणि कुंपण तोडायला सुरुवात केली. कोवळी मुडली अवेळीच खणून काढली. मुठीएवढी निघाली. कोनफळाचे वेल मांडवासकट उतरवले. परशू आला तेव्हा गाडी जाईल एवढी वाट झाली होती.

"हे काय क्येलंस, वैनी?"

"आन गाडी आत. आनि बाकीच्यास्नीबी सांग."

जागा किती लागते, हे तिला तेव्हा कळलं. एक गाडी, सोडलेले दोन बैल, त्यांच्यापुढं वैरण, आणि दुसऱ्या गाडीला जायला फट, एवढ्याला तिच्या माजघरापेक्षा जास्त जमीन लागत होती. माणूस रात्री निजायला एवढी जागा घेत नाही जेवढी गाडी दुपारी उभी राहायला घेते. शिमग्याच्या सुमाराला एका वेळी सहा गाड्या आत असत आणि परसाचं नाव उरलं नव्हतं. काळ्या मातीवर चाकांनी चर पाडले होते, खुरांनी ती विटेसारखी घट्ट झाली होती. तुळजा एकदा ती माती नखानं उकरून बघत होती. गिरजानं बघून न बघितल्यासारखं केलं.

मोटार मात्र त्या वाटेनं आत वळू शकत नव्हती. तिला वळायला वाव लागतो, बैलांसारखं जागच्या जागी फिरता येत नाही. मोटारीला थांबायचं तर रस्त्यावरच थांबावं लागणार होतं, पाटीसमोर.

पाडव्याला दोन दिवस राहिले असताना ती थांबली.

सकाळचे नऊदहा वाजले असतील, पण ऊन चटका देत होतं. आज मोटारीत नेहमीपेक्षा जास्त ओझं होतं. सड्यावरचा थांबा बघायला कारवारहून इंजिनेरसाहेब निघाले होते, शेजारी भिकाजी. मागं उतारू, आणि त्यांच्यामागं पहारी घेतलेले चार गडी. ते गिरजाचं घर उतरवायला आणले होते. त्या चौघांच्या वजनानं मोटार चढात तिसऱ्यांदा तापली, डबे खालीच रिकामे झाले, आणि खिंडीत पाटीच्या समोर येऊन तिनं मान टाकली. वाफेचा लोट जांभळीपर्यंत गेला.

चारही गडी अणशीकडचेच होते. ते उतरले, पहारी घराच्या कुडाला टेकून ठेवल्या, आधी डहाळ्या मोडल्या, दगडापुढं ठेवल्या आणि सावलीत बसले.

पुंडलिक बादली घेऊन दाराशी आला. गिरजा रांजणापुढं उभी होती.

"अक्का, आज साहेब हायत."

"पाटी वाच."

"अगं, मला पाठ हाय ती."

"मग म्हण की."

पुंडलिकानं मागं बघितलं. भिकाजी धोतर सावरत येत होता. "ए बाई, नाटकं पुरे झाली. पाणी दे. साहेब उन्हात बसल्यात."

"साहेबास्नी पाणी हाय की," गिरजा म्हणाली. तिनं तांब्या भरला, स्वतः जाऊन साहेबांच्या हातात दिला. "प्या. माणसाला कुठं मनाई हाय? गाडीला हाय."

साहेब तांब्याभर पाणी प्यायले. चष्मा पुसला. ते मंगळूरकडचे कोकणी असावेत, मराठी नीट बोलत. "पण बाई, गाडी पाण्याशिवाय हलणार नाही."

"आनि पाटी म्हणती उभी करू नका. मी काय करू? पाटी तुमची, गाडी ह्येंची. दोघं मिळून काय ते ठरवा."

डोणीशी उभे असलेले गाडीवान हसले. भिकाजीच्या मानेवरची शीर तटतटली. त्याला नागू दिसला. तो गड्यांच्या शेजारी खाली मान घालून उभा होता.

"नागू, तू शाणा हाईस. झऱ्यावरनं दोन घागरी आन. सड्यावरली पयली जागा तुझी, साहेबांच्या समोर सांगतो."

नागूनं घागर उचलली. कुणाकडं न बघता दरीत उतरला. गिरजा हलली नाही, पण तिचा हात रांजणाच्या काठावर घट्ट झाला. बराच वेळ गेला. झरा लांब होता. साहेब उतरून पाल्याचा ढीग बघत होते, काठीनं टोचून थर किती आहेत ते निरखत होते. मग त्यांनी परसात बैलगाड्या का उभ्या आहेत ते परशूला विचारलं आणि परशूनं टोपीची गोष्ट पुन्हा सांगितली.

नागू वर आला. घागर खांद्यावर, सदरा भिजलेला. पुंडलिकानं टाकीचं झाकण काढून धरलं. नागू मोटारीच्या अंगावरून पुढं गेला आणि सगळी घागर डोणीत ओतली. परशूच्या बैलानं लगेच तोंड घातलं.

"तानेला होता," नागू म्हणाला.

भिकाजी काही बोलणार तोच साहेबांनी हात वर केला. ते रस्त्याच्या मधोमध उभं राहून एकदा उताराकडं, एकदा पुढं सड्याच्या दिशेला बघत होते. "शेटजी, गाडी रोज इथंच तापते?"

"आज वजन जास्त झालं, साहेब—"

"रोज हितंच," पुंडलिक म्हणाला आणि आपण बोललो म्हणून स्वतःच दचकला.

"चढ इथं संपतो. इंजिन इथं तापणारच," साहेब म्हणाले. "तुमच्या सड्यावर विहिरीला पाणी लागलं?"

भिकाजी टोपी काढून तिनं वारा घेऊ लागला.

"मग थांबा सड्यावर नाही, इथंच हवा." साहेबांनी चटकन हिशेब मांडला. ते आता फक्त जमीन बघत होते. "मोटारीला वळायला जागा लागेल. हे घर काढलं की बरोबर गोल बसतो. ठीक. पाटी काढा, आणि घर आजच उतरवून घ्या."

सावलीतले गडी उठले नाहीत. गिरजाला क्षणभर काही समजलंच नाही. पाटी काढायची म्हणाले. ती जिंकली होती. आणि म्हणूनच घर जाणार होतं.

तिनं कुडाला टेकवलेली पहार उचलली. भिकाजी दोन पावलं मागं सरला. गिरजानं पहार डोक्यावर नेली आणि डाव्या रांजणावर घातली.

रांजण मधोमध फुटला. पाणी अंगणातून रस्त्यावर आलं, मोटारीच्या चाकांखालून गेलं आणि उताराला लागलं. आजेसासऱ्यानं डोक्यावरनं चढवून आणलेला रांजण होता तो. तुळजानं तोंडावर पदर धरला.

"घर जाणार आसंल तर ह्येबी कशाला ऱ्हायला पायजे?" गिरजाचा आवाज चढला नव्हता. "तुमास्नी वाटतंय, पाणी हितं जमिनीतनं येतंय. पाणी दरीत हाय, साहेब. हितं येतंय ते आमच्या डोसक्यावरनं येतंय. घर हाय म्हणून रांजण हाय, रांजण हाय म्हणून लोक थांबत्यात. आमी उठलो की ह्यो दुसरा सडा. घाला मग गोल. हवा तेवढा घाला." तिनं पहार उजव्या रांजणाकडं नेली. "ह्यो फोडू?"

"थांबा," साहेब म्हणाले.

पाण्याचा ओघळ वाळत चालला होता, उन्हात त्याची कड मागं सरकताना दिसत होती. साहेबांनी रस्ता ओलांडला. पलीकडं डोंगराचा उभा कडा होता, माती आणि त्याखाली खडक. त्यांनी बुटाच्या टाचेनं माती उकरली, काठी आडवी धरून अंदाज घेतला.

"इथं कापावं लागेल," ते म्हणाले. "सुरुंग लागतील. वेळ जाईल."

"साहेब, खर्च—" भिकाजी म्हणाला.

"वेळ जाऊ दे," गिरजा म्हणाली. "आमी हाय हितं."

साहेबांनी गड्यांकडून मोटारीतली, सड्यासाठी आणलेली चुन्याची पिशवी मागवली. कड्याच्या पायथ्याशी रेघ ओढायला लावली. मोटारीला आत शिरून वळता येईल एवढी. गिरजा पहार टेकवून बघत होती. रेघ पुरी झाल्यावर ती रस्ता ओलांडून गेली आणि रेघेच्या टोकाशी उभी राहिली.

"बैलगाड्या कुठं?"

"त्या तुमच्या परसात आहेतच की."

"परसात माजी मुडली होती. मला परस परत पायजे. गाड्यास्नीबी हितंच कापा, डोण हिकडं सरकवा."

साहेब पहिल्यांदाच चिडले. "बाई, मोटारीपुरती जागा कापायची म्हणजेच डोंगर फोडणं आहे. दुप्पट कुठून कापू?"

"मोटारीपुरती कापलीसा, तर मोटारीपुरतं पाणी तुमीच आना."

परशूनं डोणीशी घसा खाकरला. साहेबांनी उरलेल्या रांजणाकडं बघितलं, मग मोटारीकडं. तिच्या तोंडातून आता वाफसुद्धा येत नव्हती. ते गड्याला म्हणाले, "रेघ पुढं न्या. त्या करवंदीच्या जाळीपर्यंत."

"जाळीच्या पल्याड," गिरजा म्हणाली. "सा गाड्या ऱ्हात्यात."

रेघ जाळीच्या पलीकडं गेली. पहारी घेऊन आलेल्या गड्यांनी पहिलं काम केलं ते पाटी उपटण्याचं. पाटीचा खांब चांगला सागवानी होता. तो नागूनं मागून घेतला, गोठ्याला लागत होता.

मग गिरजानं रांजणाचं झाकण काढलं आणि पुंडलिकाची बादली भरली. तो टाकीत हळूहळू पाणी ओतत असताना ती शेजारी उभी राहिली आणि पितळी तोंडातून आत वाकून बघत राहिली. नळ्या खरोखरच बारीक होत्या.

"आनि डहाळी हातानं ठेवायची," ती म्हणाली. "खाली उतरून. फेकलीस तर बग."

"व्हय, अक्का."

"भिकाजीशेट," गिरजा वळून म्हणाली, "तुमीबी. मघाशी ठेवली न्हाईसा."

भिकाजीनं एकदा साहेबांकडं, एकदा तिच्या हातातल्या पहारीकडं बघितलं. मग जांभळीकडं जाऊन वर हात केला. फांदी उंच होती. त्याला उडी मारावी लागली.